पीळ

गार्दोनेत, मेल्ला नदीच्या काठी,
कानशीच्या धुळीनं काच कायम करडी असलेल्या खोलीत
फाउस्तीनो बंदुका ओळखतो.
मी वही धरते.
तो बोलतो त्यातलं निम्मं लिहायचं नसतं,
हे शिकायला मला चार वर्षं लागली.

आज पिनेरोलोचा एक माणूस आलाय.
दुलईतून तान्हं मूल काढावं तशी
कार्बाइन काढून टेबलावर ठेवतो.
एक्क्याण्णवचं मॉडेल, घोडदळाची, अस्सल.
आजोबांची, असंही म्हणतो.
पण खिशातून डोकावणारी पावती इतकी कोरी
की आजोबा गेल्याच महिन्यात
लिलावात मिळालेले असावेत.

फाउस्तीनो आधी बघत नाही, हुंगतो.
मग दस्त्याच्या पोटावरून अंगठा.
पायदळाच्या लांब रायफलीला पट्ट्याची कडी पोटाखाली,
स्वाराच्या कार्बाइनला कुशीला,
पाठीला टोचू नये म्हणून.
हे त्यानं मला पहिल्याच दिवशी
पाठीशी झाडू बांधून, स्टुलावर दौडवून शिकवलं होतं.
अंगठा थांबतो.
अक्रोडाला अक्रोडाचंच ठिगळ,
रेषेला रेष जुळवून, जवसाच्या तेलात मुरवलेलं.
"लिही. ठिगळ. सुबक."

निशाणपट्टीवर आकडे पंधराशेपर्यंतच. ठीक.
पट्टीखालची नळी मात्र उगाच गुळगुळीत,
अंगठी काढलेल्या बोटासारखी.

आता शिशाची गोळी, तेल लावून, गजानं आत.
या जातीच्या नळीत पीळ सुरुवातीला सैल असतो,
तोंडाकडे जाता जाता आवळत जातो.
मूळची कार्बाइन असेल
तर शेवटच्या वितीत गज मनगट ओढतो,
कारण तिचा पीळ तिच्याच मापानं घातलेला.
हिच्यात गज आळसावून बाहेर येतो,
वाक्य अर्धं टाकून उठून गेलेल्या माणसासारखा.
सुंभ जळला तरी पीळ राहतो.
कापला, तर नाही.

पाहुणा घड्याळ बघतो.
फाउस्तीनो भिंग घेऊन नळीच्या तोंडाशी वाकतो
आणि वाकलेलाच राहतो.
मीही बघते. कानशीच्या बारीक रेघा,
नेहमीच्या उलट कलानं चढलेल्या.
डावखुऱ्याच्या.
भिंग त्याच्या डाव्या हातात आहे.

मग तो आमच्या दरीच्या बोलीत बोलू लागतो,
जी पिनेरोलोवाल्याला कळत नाही.
बासष्ट साल. अमेरिकेला आखूड हव्या होत्या,
हरणांसाठी, हलक्या.
लांबड्यांना कुत्रं विचारत नव्हतं.
मालक नगामागे वर थोडे लिरा द्यायचा.
सतरा वर्षांचा होतो.
आईला शिवणयंत्र घेतलं त्यातून, पायाचं.
ठिगळं बाप्पिनो लावायचा. त्याचा हात बघ,
बघ ना, रेष सापडते का कुठे.

"काय म्हणतायत?" पाहुणा विचारतो.
"कापलेली आहे," मी सांगते. "लांब रायफलीची."
"कशावरून?"
मी पीळ सांगते, कडी सांगते, अंगठी सांगते.
तो माझ्यावरच चिडतो,
फीचे चाळीस युरो एकेक करून मोजतो,
आणि मूल पुन्हा दुलईत गुंडाळून निघून जातो.

"किती कापल्या?"
"तीनशेनंतर मोजल्या नाहीत. परत आलेली ही नववी."
"आणि टोकं?"

घरामागे त्याच्या वाफ्यात घेवडा आहे.
दोऱ्या ताणायला ओळीनं ठोकलेल्या लोखंडी मेखा,
दीड-दीड वितीच्या, गंजून मातीच्याच रंगाच्या.
मी दर जूनमध्ये तिथून शेंगा नेते,
कधी वाकून बघितलं नव्हतं.
सगळ्यात घट्ट पीळ तिथे, जमिनीत आहे,
आणि वेल दोरीला वळसे घालत
त्याच्या वर निघालेत.

वहीत मी साल लिहिलं नाही.
तो म्हणाला, लिही.
मग म्हणाला, नाव नको.
मग कानस पुसत बसला,
आणि बराच वेळ पुसत राहिला.